नळाची धार बारीक: नवा नळ, नवा अँगल कॉक की प्रेशर पंप?

सिंकवरच्या नळाला गार पाणी करंगळीएवढं यायला लागलं की सल्ले तीन मिळतात. प्लंबर म्हणतो नळ बदला, शेजारी म्हणतात पंप बसवा, आणि सेक्रेटरी म्हणतात वरून पाणी बरोबर आहे, तुमच्या घरातच काहीतरी असेल. तिन्ही बरोबर असू शकतात, पण खर्चात मोठा फरक आहे. अँगल कॉक, म्हणजे सिंकखाली भिंतीतून निघणारा छोटा बंद-चालू कॉक, काही शेकड्यांत येतो, गार-गरम दोन्ही देणारा बरा मिक्सर नळ काही हजारांत, आणि पंपाला पुन्हा वायरिंग आणि जागा लागते.

मिक्सर असेल तर आधी लिव्हर पूर्ण गरमकडे फिरवा. गीझरला साधारणपणे त्याच गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं. गरम जोरात आणि गार मंद असेल, तर टाकी निर्दोष आणि नळाच्या तोंडावरची जाळीही निर्दोष, कारण तिच्यातून दोन्ही पाणी जातं. बहुतेक वेळा दोष सिंकखालच्या हातभर अंतरात सापडतो: गारचा अँगल कॉक, तिथून वर जाणारा कनेक्शन पाईप किंवा नळातलं कार्ट्रिज, म्हणजे लिव्हरखालचा पाणी उघडबंद करणारा भाग. इथे पंप घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

या हातभर अंतरात कोण दोषी, हे ठरवायला एक पाना आणि एक टब पुरतो. कॉक बंद करा, कनेक्शन पाईप कॉकवरून सोडवा, खाली टब धरा आणि कॉक हळू उघडा. पाणी उसळून आलं तर कॉक ठीक. मग पाईप बघा: आतली रबरी नळी कधी फुगते, कधी मुरगळते, आणि आटे जास्त आवळले की वायसर चेपून भोकच बुजतं. प्युरिफायर बसवताना कॉक आणि पाईप यांच्यामध्ये एक छोटा पितळी टी (तीन तोंडांचा जोड) घालतात, त्याचाही वायसर असाच सरकतो. प्युरिफायर बसवल्यापासून पाणी कमी झालं असेल तर मी आधी तोच उघडून बघेन. पाईपही मोकळा निघाला तर कार्ट्रिज. जुनं सोबत नेऊन तशाच मापाचं मिळालं तर नळ बदलायची गरज नाही. बिननावाच्या नळाचं मिळत नाही, तेव्हा मात्र नवा नळच परवडतो.

कॉकमधूनच पाणी मंद आलं तर कॉक किंवा त्यामागची लाइन. जुन्या फिरकीच्या कॉकमध्ये आतला वायसर सुटून वाट अडवतो. कॉक पूर्ण उघडलाय असं हाताला वाटतं, पण पाणी येत नाही. हे बघायला घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून कॉक काढावा लागतो, तेव्हा प्लंबरला बोलवा. नळ थेट भिंतीतून आलेला असेल तर मधलं सगळं वगळा: जाळी, नळातला वायसर, मग लाइन.

गार आणि गरम दोन्ही मंद असतील तर पहिला संशय जाळीवर. ती काढून नळ चालवा. धार सुधारली तर काम फुकटात झालं. जाळीत काय अडकलंय तेही बघा. नवी मुंबई-ठाण्याकडे येणारं मोरबे किंवा भातसा धरणाचं पाणी तसं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, त्यामुळे पांढरा थर दिसला तर बहुधा बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतंय. ठाण्यात घोडबंदर रोडवर टँकर काही नवीन नाही. तो थर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्यावर निघतो. तपकिरी खडे म्हणजे गाळ किंवा गंज. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर किंवा टाकी धुतल्यावर ते हमखास येतात.

जाळी काढूनही मंदच असेल तर एक लिटरची बाटली भरून बघा. दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला सहा लिटर, भांडी घासायला पुरेसं. वीस सेकंद लागले तर तक्रार खरी आहे. मग त्याच लाइनवरचा दुसरा नळ, बहुधा वॉशिंग मशीनचा, उघडून बघा. तोही मंद असेल तरच पंपाचा विचार.

पंप योग्य कुठे? सगळ्यात वरच्या मजल्यावर. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर चार-पाच मीटरवर असेल तर अर्धा बारही जेमतेम. तोंड ओढून बाहेर काढता येणाऱ्या बऱ्याच पुल-आऊट नळांना अर्धा ते एक बार लागतो, म्हणजे टॉप फ्लोअरला तो भारी नळ घेणाऱ्याने पंपाचाही हिशेब धरावा, नाहीतर साधा सिंक कॉकच बरा.

वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींत जिथे अजून लोखंडी जीआय पाईप आहेत, तिथे मी पंपाच्या विरोधात आहे. गंज धरून आतलं भोक अरुंद झालेलं असतं. पंप लावला तर पाणी थोडं वाढतं, पण जुने जोड गळायला लागतात आणि खालच्या घराचं छत ओलं होतं. तो पैसा नव्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) लाइनला घालावा. उंच टॉवरमध्ये मधल्या मजल्यावर अचानक सगळ्या नळांना दाब कमी झाला, तर डक्टमधला (पाईप जातात त्या उभ्या पोकळीतला) दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा त्याची गाळणी तुंबलेली असू शकते. वरखालच्या फ्लॅटमध्ये विचारा. त्यांचंही तसंच असेल तर अर्ज सोसायटीकडे, खर्चही सोसायटीचा.