आऊटबोर्डचा तयार पेट्रोल-लाइन सेट: बल्ब ठेवावा, पाइप आणि क्लिपा बदलाव्यात

आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. त्याचा सेट असा: साधारण दोन मीटर पाइप, मध्ये पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा, हाताने दाबायचा रबरी बल्ब, टोकाला इंजिनचा कनेक्टर आणि चार क्लिपा. बिननावाच्या प्लास्टिक पिशवीत मिळणारा हा सेट वर्सोवा, खारदांडा, कुलाबा इथल्या लहान होड्यांसाठी गळतीवरचा सोपा इलाज म्हणून घेतला जातो. त्यातला बल्ब कामाचा आहे. पाइप आणि क्लिपा मात्र पेट्रोलच्या कामाला लावू नयेत.

बल्ब दुकानातच तपासून घ्या. बाण इंजिनकडे जायचं टोक दाखवतो. टाकीकडच्या टोकातून तोंडाने फुंकल्यावर हवा आरपार गेली पाहिजे, उलट बाजूने अजिबात जाता कामा नये. दोन्ही बाजूंनी जात असेल तर आतले व्हॉल्व्ह बसलेले नाहीत, तो बल्ब परत करा. फुंकायचं ते फक्त नव्या, कोरड्या बल्बात.

खरी अडचण पाइपची आहे. बिनछापाचा पीव्हीसी पाइप उन्हाने आणि इथेनॉलने कडक होतो, टोकाशी तडकतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे हे लवकर घडतं. काही दुपदरी पाइपांत आतला पापुद्रा सुटून आतल्या आत मिटतो. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो, पण रेस वाढवली की इंजिन पेट्रोलविना दम टाकतं आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर जातो. म्हणून ‘एसएई जे १५२७’ (होड्यांच्या इंधन पाइपचं मानक) छापलेला मरीन पाइप मीटरवर घ्या. उघड्यावरच्या लाइनला ‘बी१-१५’ पुरतो. टाकी फळ्यांखाली बंदिस्त असेल तर ‘ए१-१५’च हवा, तो आगीत काही वेळ तग धरतो. लहान इंजिनांना बहुधा ८ मिलिमीटर आतला व्यास लागतो, तरी जुना तुकडा सोबत न्या. लांबीही मोजूनच घ्या. टाकी होडीच्या मध्यावर असेल तर दोन मीटर अपुरे पडतात. इंजिन पूर्ण उचलून आणि दोन्ही बाजूंना वळवून पाहावं, पाइप कुठेही ताणला जाऊ नये.

क्लिपांच्या पट्टीला भोकं पाडलेली असतात. आवळताना त्या भोकांच्या कडा मऊ रबरात रुततात आणि पाइप तिथेच कापला जातो. गुळगुळीत पट्टीच्या, कडा वळवलेल्या स्टेनलेस क्लिपा घ्या. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात विचारा. स्टेनलेसचा ३१६ दर्जा मिळाला तर उत्तम, खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा तो जास्त टिकतो.

बसवण्याआधी किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढा, बॅटरीची वायर सोडा, टाकी होडीबाहेर जमिनीवर ठेवा. विडी, स्टोव्ह, काही पेटतं नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात साचून राहते. तळात पेट्रोल सांडलं असेल तर बॅटरीवरच्या पंपाने उपसू नका. फडक्याने टिपून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तो डबा खाडीत रिकामा करू नका.

पाइप धारदार पात्याने सरळ कापा. टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरलं की तेल-साबण न लावता बल्बच्या किंवा कनेक्टरच्या कंगोरेदार नळीवर चढतं. नळीच्या मुळापर्यंत सरकवा, क्लिप कंगोऱ्याच्या मागे बसवा, अगदी टोकावर नको. रबर किंचित फुगेल इतकंच आवळा. टेफ्लॉन टेप इथे नकोच, तिचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात अडकतात. कनेक्टरमधलं रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग, पेट्रोलची, म्हणजे नायट्राइल किंवा व्हिटॉनची हवी. नळाचं वायसर पेट्रोलमध्ये फुगून निकामी होतं.

आता तपासणी. बल्ब उभा, बाण वर धरून कडक होईपर्यंत दाबा आणि इंजिनकडच्या सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी लावा. दहा मिनिटांत बल्ब मऊ पडला नाही तर ती बाजू बरी. टाकीकडच्या बाजूला मात्र ही चाचणी लागू पडत नाही, कारण व्हॉल्व्हमुळे दाब मागे जात नाही. त्या भागात इंजिन ओढ घेतं. तिथली फट थेंब न गाळता हवा आत घेते आणि इंजिन मध्येच बंद पडतं. म्हणून गळती दिसत नाही एवढ्यावरून त्या जॉइंटना पास करू नका, ओ-रिंग आणि क्लिपा तिथेही नव्याच घाला.

धक्क्यावर उभ्या होडीतून दुपारीच पेट्रोल गळत असेल तर पाइपला दोष देण्याआधी टाकी पाहा. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असताना उन्हाने टाकीत दाब वाढतो आणि तो पेट्रोल लाइनमधून पुढे ढकलतो. होडी उभी करताना इंजिनकडचा कनेक्टर काढून ठेवा. इंजिन चालवताना स्क्रू उघडा हवा, नाहीतर बल्ब चपटा होतो.

कार्ब्युरेटरच्या तोंडातून थेंब पडत असतील तर आत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई झिजली आहे किंवा तिथे कचरा अडकला आहे. तिथे नवा सेट काहीच करणार नाही. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा फाटला असेल तरीही तेच. डिझेल होडीसाठी तर हा सेट घेऊच नका. तिथे बँजो बोल्टखालची (ज्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टखालची) तांब्याची वायसरं पाहा, प्रत्येक वेळी बोल्ट उघडला की दोन्ही बाजूंची नवी घाला आणि लाइनमधली हवा काढूनच इंजिन सुरू करा.