अनलिमिटेड प्लॅन: किंमत किती आणि मोल किती

मोबाईलच्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये बोलणे, संदेश आणि इंटरनेट या तीन वेगळ्या सेवा एकाच किमतीत बांधलेल्या असतात. त्या पुरवण्यासाठी कंपनीला येणारा खर्च सारखा नसतो आणि ग्राहकाला त्यांची गरजही सारखी नसते. त्यामुळे प्लॅन स्वस्त की महाग, एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर चुकण्याची शक्यता अधिक. मी सर्वांत वरच्या दराचा अनलिमिटेड प्लॅन दीर्घकाळ वापरला आहे, नंतर त्याच कंपनीच्या मधल्या दराच्या अनलिमिटेड प्लॅनवर आलो आहे, आणि दोन्हींच्या अटी बारकाईने वाचल्या आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की अशा प्लॅनचे मोल ठरवताना ठरावीक वापर ओलांडल्यानंतर आपल्या जोडणीचे काय होते, हे सर्वांत आधी पाहावे. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

बोलण्याच्या बाबतीत हा सौदा निःसंशय चांगला आहे. ४जी जाळ्यावरील स्पष्ट आवाजाच्या कॉलसाठी सर्रास वापरली जाणारी ध्वनिप्रणाली (आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची पद्धत) सेकंदाला १२.६५ किलोबिट इतक्या अल्प दरानेही चालते. त्या हिशेबाने (आठ बिट म्हणजे एक बाइट) तासभराच्या संभाषणात एका दिशेने जाणारा आवाज सहा मेगाबाइटही भरत नाही. शिवाय माणूस दिवसात बोलून बोलून किती बोलणार, यालाही नैसर्गिक मर्यादा आहे. त्यामुळे अमर्याद कॉल देणे कंपनीला परवडते आणि तिथे फारशा आडवळणी अटी घालण्याचे कारणही उरत नाही. व्यापारी प्रचारासाठी एकामागून एक कॉल करण्यावर बंदी असते, ती रास्तच आहे. मात्र याचाच दुसरा अर्थ असा की अगदी खालच्या दराच्या प्लॅनमध्येही अमर्याद कॉल बहुधा मिळतातच, आणि म्हणून वरच्या दराच्या जाहिरातीत त्यांचा ठळक उल्लेख असला तरी त्यासाठी एक पैसाही जास्त देण्याची गरज नाही.

इंटरनेटचे गणित निराळे आहे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार साध्या दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे १ गिगाबाइट, एचडी चित्राला ३ गिगाबाइटपर्यंत आणि अल्ट्रा एचडी चित्राला ७ गिगाबाइटपर्यंत डेटा लागतो. त्याउलट सेकंदाला १६० किलोबिट दराने गाणी ऐकली तर तासाला जेमतेम ७२ मेगाबाइट खर्च होतात. म्हणजे एकाच प्लॅनचे दोन ग्राहक दिवसातला तेवढाच वेळ फोनवर घालवूनही एकमेकांपेक्षा चाळीसपट वापर करू शकतात आणि किंमत मात्र दोघे सारखीच मोजतात. टॉवरच्या वाट्याला आलेल्या रेडिओलहरी त्या परिसरातील सर्वांना वाटून घ्याव्या लागतात, त्यामुळे कंपनीचा खर्च एकूण गिगाबाइटवर तितकासा अवलंबून नसतो; तो गर्दीच्या तासांतील भारावर ठरतो. पहाटे तीन वाजता उतरवलेल्या चित्रपटाचा कंपनीवर जवळजवळ काहीच बोजा पडत नाही, पण तोच चित्रपट शेकडो लोकांनी संध्याकाळी एकाच टॉवरखाली पाहायला घेतला तर नवी यंत्रणा उभी करावी लागते. एकरकमी किमतीच्या प्लॅनमध्ये हा फरक किमतीत दाखवता येत नाही, म्हणून तो अटींमध्ये शिरतो.

या अटी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात आणि ग्राहकाला त्यांचा अनुभव अगदी भिन्न येतो. पहिल्या प्रकारात ठरावीक डेटा वापरून झाला की वेग एका निश्चित पातळीवर उतरवला जातो. ही मर्यादा कुठे महिन्याची असते, तर कुठे रोजची, आणि रोजच्या मर्यादेतला उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. उतरवलेला वेग सेकंदाला ६४ किलोबिट असेल तर तासाला २९ मेगाबाइटसुद्धा उतरत नाहीत. एक गिगाबाइट उतरायला जवळजवळ पस्तीस तास लागतील. मजकुराचे संदेश जातील, पण नकाशा उघडायला फार वेळ लागेल, पैसे पाठवण्याचे अ‍ॅप मध्येच थांबू शकेल आणि छायाचित्र असलेले साधे पानही पटकन उमटणार नाही. तोच वेग सेकंदाला एक मेगाबिट ठेवला तर एक गिगाबाइट दोन-सव्वादोन तासांत उतरतो, आणि दर्जा आणखी उतरवला तर चित्रसुद्धा बऱ्यापैकी पाहता येते. दोन्ही प्लॅन जाहिरातीत अनलिमिटेडच म्हणवतात, तरी माझ्या लेखी पहिला मर्यादित प्लॅन आहे आणि दुसरा खरोखर अमर्याद. म्हणून मर्यादेचा आकडा वाचून थांबू नये. त्यापुढच्या वेगाचा आकडाही शोधावा. तो कुठेच छापलेला नसेल तर प्लॅन घेऊ नये, इतक्या ठामपणे मी हे सांगेन.

दुसरा प्रकार प्राधान्यक्रमाचा. ४जीच्या तांत्रिक मानकांतच वाहतुकीचे प्राधान्यवर्ग ठरवून दिलेले आहेत. कॉलच्या आवाजाचा वर्ग वेगळा असतो, आणि सामान्य डेटाच्या वर्गांमध्येही वरखाली करण्याची सोय कंपनीला उपलब्ध असते. मर्यादा ओलांडलेला ग्राहक खालच्या वर्गात जातो, आणि कमी दराच्या काही प्लॅनचे ग्राहक पहिल्या मेगाबाइटपासूनच त्या वर्गात असतात. टॉवर रिकामा असेल तर त्यांना काहीच फरक जाणवत नाही. गर्दी झाली की मात्र आधी वरच्या वर्गाची वाहतूक सुटते आणि उरलेल्या जागेत यांची. मधल्या दराच्या प्लॅनवर आल्यानंतर मला हे प्रत्यक्ष दिसले. सभागृहात किंवा संध्याकाळच्या गर्दीत फोनवर सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या असत, तरी पान उघडत नसे, आणि त्याच कंपनीचा वरचा प्लॅन असलेल्या शेजारच्या माणसाचे काम मात्र सुरळीत चालू असे. घरी, कार्यालयात किंवा मोकळ्या रस्त्यावर दोन्ही प्लॅन सारखेच चालले. वरच्या दराच्या प्लॅनचे खरे मोल इथे आहे: त्यात मिळणारी सर्वांत मौल्यवान वस्तू गर्दीतला पहिला नंबर ही आहे. रोज गर्दीत राहून काम करणाऱ्याला ती किंमत वसूल होते. ज्याचा बहुतेक वापर मोकळ्या टॉवरखाली होतो, त्याने ती कशाला मोजावी?

या अटी पुरेशा स्पष्ट न सांगितल्यामुळे मोठे वाद झाले आहेत. अमेरिकेत २००७ साली आयफोन आला तेव्हा एटी अँड टी कंपनीने त्याच्यासोबत अमर्याद डेटा दिला, २०१० साली नव्या ग्राहकांसाठी तो बंद केला आणि २०११ पासून जुन्या अमर्याद ग्राहकांचा वेग मर्यादेनंतर कमी करायला सुरुवात केली. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ साली खटला भरला, त्यातला आरोप असा होता की काही ग्राहकांचा वेग महिन्यात अवघे दोन गिगाबाइट वापरल्यावरच उतरवला गेला आणि किमान ३५ लाख ग्राहकांना याचा फटका बसला. २०१९ साली कंपनीने सहा कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले, आणि मर्यादा ठळकपणे सांगितल्याशिवाय डेटाला अमर्याद म्हणता येणार नाही, असे बंधन तडजोडीत आले. वेग कमी करणे हा त्यात मूळ आक्षेप नव्हता. ग्राहकाला ते नीट न सांगणे हा होता. मला हा निकष योग्य वाटतो, कारण जाळे सर्वांचे असल्यामुळे त्यावर काही शिस्त असणे आवश्यकच आहे.

आता स्वतःच्या गरजेकडे वळावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचा भाग असतो आणि तिथे बिलाच्या चक्राची सुरुवातीची तारीख लावता येते. आयफोनवर मोबाईल डेटाच्या पानावरचा आकडा दर महिन्याला आपोआप शून्य होत नाही, तो हाताने शून्य करावा लागतो. हे न कळल्यामुळे अनेक जण कित्येक महिन्यांची बेरीज एका महिन्याचा वापर समजतात आणि घाबरून मोठा प्लॅन घेतात. घरी आणि कामाच्या ठिकाणी वायफाय असलेल्या माणसाचा मोबाईल डेटा किती कमी असतो, हे सलग दोन-तीन चक्रे पाहिल्यावर लख्ख दिसते.

तरीही लोक अनलिमिटेड प्लॅनच पसंत करतात, आणि त्यांना मी अविचारी म्हणणार नाही. दूरध्वनी आणि इंटरनेटच्या दरांवर झालेल्या संशोधनात असे आढळले आहे की वापरानुसार पैसे देणे स्वस्त पडत असतानाही अनेक ग्राहक एकरकमी दर निवडतात. आपल्या वापराचा अंदाज ते जास्त धरतात, अचानक मोठे बिल येऊ नये म्हणून विमा उतरवावा तसा प्लॅन घेतात, आणि टॅक्सीचा मीटर पळताना पाहून प्रवासाची मजा जाते तसे दर मेगाबाइटचा हिशेब त्यांना नकोसा होतो. यांतले पहिले कारण मोजमापाने दूर होते. उरलेली दोन खरी आहेत. आजारी नातेवाइकाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना डेटाचा आकडा डोळ्यांपुढे नाचू नये, यासाठी थोडे जास्त पैसे देणे मला पूर्णपणे समर्थनीय वाटते. फक्त ही निश्चिंतता मधल्या आणि खालच्या अनलिमिटेड प्लॅनमध्येही मिळते, कारण मर्यादेनंतर वेग उतरतो, बिल वाढत नाही. तिच्यासाठी सर्वांत महाग प्लॅन लागत नाही.

हॉटस्पॉटची मर्यादा बहुतेक ठिकाणी वेगळी असते आणि तीच सर्वाधिक लोकांना अडवते. फोनवर अमर्याद असलेला डेटा लॅपटॉपला देताच ठरावीक गिगाबाइटपुरता उरतो. लॅपटॉपला ही जोडणी नेहमीच्या वायफायसारखीच दिसते, त्यामुळे तो मागच्या मागे अद्ययावत फाइली आणि छायाचित्रांच्या प्रती उतरवत राहतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायची, अशी खूण केली तर हे बऱ्याच अंशी थांबते. घरी तारेचे इंटरनेट न घेता फोनवरच भागवू पाहणाऱ्याने तर प्लॅनच्या नावाकडे न बघता हॉटस्पॉटचाच आकडा आधी वाचावा. काही प्लॅनमध्ये चित्राचा दर्जा ४८० रेघांपर्यंत, म्हणजे एचडीच्या खालच्या साध्या दर्जापर्यंत, रोखलेला असतो. फोनच्या छोट्या पडद्यावर मला त्याचा त्रास झाला नाही, पण तेच चित्र मोठ्या पडद्यावर लावले की फरक लगेच दिसतो.

परदेशात तर अमर्याद प्लॅनही मर्यादित होतो. युरोपीय संघात जून २०१७ पासून सदस्य देशांत फिरताना मायदेशीच्याच दराने फोन वापरता येतो, मात्र अमर्याद प्लॅनसाठी रोमिंग डेटाची किमान मात्रा एका सूत्राने ठरते: प्लॅनची करपूर्व किंमत भागिले रोमिंगच्या एका गिगाबाइटसाठी कंपन्या एकमेकींकडून घेऊ शकतात तो कमाल घाऊक दर, आणि आलेल्या उत्तराची दुप्पट. साहजिकच प्लॅन जितका स्वस्त तितकी ही मात्रा लहान. सूत्र उघड असल्याने ग्राहकाला प्रवासाआधीच हिशेब करता येतो, ही त्यातली मोठी सोय आहे.

सोबत दिल्या जाणाऱ्या चित्रपट-मालिकांच्या सदस्यत्वाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते आपण एरवी विकत घेतले असते तरच त्याची किंमत धरावी. प्रीपेड प्लॅनची मुदत २८ दिवसांची असेल तर वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. दोन प्लॅनची तुलना म्हणूनच वर्षाच्या खर्चावर करावी. नव्या फोनची किंमत दोन-तीन वर्षांच्या बिलांतून वजा करून देणारी योजना घेतली असेल, तर मधेच खालच्या प्लॅनवर जाता येते का, हेही आधीच विचारून घ्यावे.

माझ्यापुरता निर्णय झाला आहे. गर्दीतला तो त्रास गृहीत धरूनही मधल्या दराचा प्लॅन मला पुरतो आणि वरच्या प्लॅनची वाढीव किंमत माझ्या वापराला परत मिळत नाही. काम प्रवासात सरकले आणि हॉटस्पॉट रोजचा झाला, तर हिशेब उलटेल. कंपन्यांकडून अपेक्षा एकच आहे. अमेरिकेत २०२४ पासून इंटरनेट सेवांच्या विक्रीच्या ठिकाणी किंमत, वेग आणि डेटाची माहिती देणारे ठरावीक नमुन्याचे लेबल दाखवणे बंधनकारक झाले, आणि मोबाईल कंपन्याही त्यात आल्या. तसे लेबल प्रत्येक अनलिमिटेड प्लॅनवर सगळीकडे असावे, आणि त्यात मर्यादेचा आकडा, तिच्यापुढचा वेग, गर्दीतला प्राधान्यवर्ग आणि हॉटस्पॉटची मात्रा या चार गोष्टी किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत छापाव्यात.