मनगटाचा स्प्लिंट: सात महिने वापरून

मी घरी ब्लाउज शिवते. गेल्या दिवाळीच्या ऑर्डरींत रात्री दोन-तीनला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. उठून हात झटकला की बरं वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, हात अंगाखाली येत असेल. पहिल्या डॉक्टरांनी मानेचं दुखणं ठरवून गळ्याला पट्टा दिला, दोन महिने त्यात गेले. मग हुक लावताना सुई चिमटीतून कधी निसटते तेही कळेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी आधी विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात?" नाही. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, बस. बाकीच्या बोटांची नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते, तिथे ती दबते; करंगळीची नस वेगळी, ती त्या बोगद्यातून जातच नाही म्हणे. मग दोन्ही पंजे उलटे एकमेकांना टेकवून मनगटं दुमडून धरायला लावली. मिनिटाच्या आत बोटं बधिर! नसांच्या तपासणीत कार्पल टनेल, म्हणजे त्या बोगद्यात नस दबण्याचं दुखणं, पक्कं झालं. साखर आणि थायरॉईडमुळेही हे होतं म्हणून तेही तपासले, ते ठीक निघाले.

स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा, आणला आणि महिनाभर चुकीचा वापरला. दिवसा घालून शिवायला बसायचे. कात्री नीट धरता येईना, खांदा भरून यायचा तो वेगळाच. खरं काम त्याचं रात्री, कारण झोपेत मनगट दुमडतं आणि नस दबते. शिवाय आतली धातूची पट्टी वाकडीच आली होती, हात मागे झुकायचा. डॉक्टरांनी ती खेचून काढली, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली. त्यानंतर आठवड्याभरात सलग झोप लागली.

तक्रारी आहेत. वेल्क्रो गोधडीचे दोरे ओढतो, त्यात साचलेला कचरा मी टाचणीने काढते. मे महिन्यात घामाने वास मारला. धुताना पट्टी काढायला विसरू नका. आणि घट्ट आवळला तर मुंग्या उलट वाढतात.

लग्नसराईत दुखणं परत डोकावलं, पण इंजेक्शनपर्यंत गेलं नाही. अंगठ्याखालचं मांस उतरायला लागलं तर स्प्लिंटवर वेळ काढू नका, ऑपरेशनचं बघू, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून सकाळी दोन्ही तळहात शेजारी धरून बघते.

आता डाव्यालाही सुरू झालंय. परवा डावा स्प्लिंट मागितला, दुकानदाराने उजवाच बांधून दिला. बदलून आणायचाय.