उन्हाळ्याच्या तोंडावर काय लावावे : कलमी गुलाब की मोगरा?

फाल्गुनात रोपवाटिकेत गेले की हात आपोआप कलमी गुलाबाकडे जातो, कारण तो तेथे फुललेला असतो आणि मोगरा मात्र काटक्यांच्या जुडीसारखा दिसतो. लातूरला अंगणातील भारी काळ्या मातीत मी दोन्ही लावले. तोच अनुभव, एकाचीच निवड करू पाहणाऱ्यांसाठी मांडतो.

रंगांची श्रीमंती गुलाबाकडेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पाणी साचून राहणे दोघांनाही सोसत नाही. म्हणून दीड फुटाचा खड्डा घेऊन निम्मी काळी माती काढावी आणि त्या जागी पोयटा (गाळाची माती), थोडी वाळू व चांगले कुजलेले शेणखत भरावे.

माझा निर्णय झाला तो लाल कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या बारीकशा जीवामुळे. एप्रिल लागला की गुलाबाच्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके पडतात, मग पान तांबूस पडते आणि उलटे करून उन्हात धरले की बारीक जाळ्यातून सरकणारे लालसर कण दिसतात. कोरडी, तापलेली हवा या कोळ्याला मानवते, आणि तो कीटक नसल्याने नेहमीची कीटकनाशके त्याच्यावर बहुधा चालत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या मागील बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा साधा उपाय आहे. पण नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत असेल तर पाने धुवायला पाणी आणायचे कोठून? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते, तेव्हा तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आम्ही झाडांच्या मुळाशी घालत होतो. मुळांपुरते ते भागले, पानांपुरते नाही. त्या उन्हाळ्यात पाचांपैकी तीन गुलाब गेले; मोगऱ्याचे दोन्ही वेल पाने गाळून का होईना, तगले.

मोगऱ्यालाही कोळी लागतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र माझ्याकडे त्याने झाड घालवले नाही. त्याची खरी तक्रार वेगळी आहे. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत त्याला लोह नीट मिळत नाही, त्यामुळे शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारल्यावर माझ्या झाडांची पाने सुधारली. डिसेंबरात पाणी तोडावे आणि जानेवारीअखेर गुडघ्याच्या उंचीवर छाटून खत-पाणी द्यावे, की पाडव्याच्या सुमारास कळ्या दिसू लागतात. नव्या रोपाला पहिल्या वर्षी फुले मोजकीच येतील, तेवढा धीर मात्र हवा. पुढे वैशाखात तिन्हीसांजेला तोडलेल्या टपोऱ्या कळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या, तर जेवणे होईपर्यंत उमलून घरभर दरवळतात.

ज्यांच्याकडे बारमाही विहीर आहे, त्यांनी गुलाब अवश्य लावावा. इतरांनी या वसंतात मोगरा लावावा आणि गुलाबासाठी दसऱ्यानंतरची थंड हवा धरावी.