काळ्यावर काळे : संपूर्ण काळ्या घड्याळाचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेले नऊ महिने मी जवळजवळ रोज एकच घड्याळ वापरतो आहे. इतर सहा-सात घड्याळे खणात पडून असताना माझ्या हातून असे सहसा घडत नाही; म्हणून पुढे तक्रारी बऱ्याच असल्या तरी हे घड्याळ मला काढून टाकायचे नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो. केस, म्हणजे बाहेरची पेटी, स्टीलची, अष्टकोनी, ४२ मिमीची, वर डीएलसी या कठीण काळ्या कार्बनचा थर, आत ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारे यंत्र आणि रबरी पट्टा. तबकडी, काटे, तासांच्या खुणा, तारखेची चकती, चावी, बकल, सगळे काळे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण इथले गुणदोष बहुतांशी या रंगाचे आहेत.

मनगटी घड्याळात काळ्या रंगाचा पहिला गाजलेला वापर झाला तो वेळ चटकन दिसावी म्हणून, हे आज विसरले जाते. मोटारींचे रचनाकार फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांच्या १९७२ सालच्या ‘क्रोनोग्राफ १’ या घड्याळाची केस आणि पट्टा दोन्ही काळे होते, पण ती कल्पना मोटारीच्या डॅशबोर्डवरून आलेली होती, म्हणजे चकाकी कुठेच नको आणि काळ्या तबकडीवर पांढरे काटे व आकडे ठळक उठून दिसायला हवेत. २००६ साली हब्लो या स्विस कंपनीने ‘बिग बँग ऑल ब्लॅक’ काढले तेव्हा काटे आणि खुणासुद्धा काळ्या झाल्या, आणि ज्या रंगाने वेळ उघड केली होती त्याच रंगात ती लपवली गेली. माझे घड्याळ या दुसऱ्या घराण्यातले आहे. आकार मात्र त्याने घड्याळांचे रचनाकार जेराल्ड जेंटा यांच्या ‘रॉयल ओक’ या घड्याळाकडून सरळ सरळ उसना घेतला आहे, तेही १९७२चेच, तसेच अष्टकोनी बेझल (काचेभोवतीचे कडे) आणि त्यावर तसेच उघडे आठ स्क्रू.

आता मुख्य प्रश्न, वेळ दिसते का? दिसते, पण उजेडाच्या मर्जीने. तबकडी पूर्ण मॅट, म्हणजे बिनचकाकीची आहे, खुणा उंचावलेल्या आणि तिरप्या कडांच्या आहेत, आणि प्रत्येक काट्याला मधोमध उभी कंगोरी असून तिची एक बाजू घासलेली व दुसरी चकचकीत आहे. बाजूच्या खिडकीतून उजेड येत असेल तर काट्याची चकचकीत बाजू एकदम उजळते, घासलेली बाजू तबकडीत बुडून जाते, आणि त्या क्षणी हे घड्याळ इतके देखणे दिसते की वेळ पाहायची राहूनच जाते. डोक्यावरच्या पसरट पांढऱ्या दिव्याखाली मात्र कुठलीच बाजू चमकत नाही आणि समोर नुसती काळी चकती उरते. मग मनगट किंचित आत वळवायचे, एखादी कड चमकेपर्यंत थांबायचे आणि वाचायचे, अशी सवय मला दुसऱ्या आठवड्यातच लागली.

खरी चूक रंगाची नाही, काट्यांच्या मापाची आहे. सगळे काळे ठेवायचे तर तासकाटा चांगला आखूड आणि रुंद हवा. इथे तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्या लांबीत फरक थोडा आणि रुंदी सारखीच. एकदा मंद उजेडात मी एक वाजलेला असताना बारा वाजून पाच मिनिटे वाचली आणि ठरलेल्या बैठकीला निवांत पाऊण तास उशिरा पोहोचलो. अनेक वर्षे घड्याळे जमवणाऱ्या माणसाने हे कबूल करणे फारसे शोभत नाही. तारखेच्या करड्या आकड्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मी ते वाचणे सोडून दिले आहे.

अंधारात चमकणारा ल्यूमही काळपट आहे. या पदार्थात मिसळलेला गडद रंग आत येणारा उजेड खातो आणि बाहेर पडणारी चमकही खातो, त्यामुळे पांढऱ्या किंवा हिरवट ल्यूमची सर त्याला येणे शक्यच नाही. तरीही दिवा मालवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे वेळ दुपारपेक्षा स्वच्छ वाचता येते, ही मौज आहे.

काच नीलमची आहे आणि तिच्यावर परावर्तनरोधक थर आतून दिलेला आहे. तो नसता तर काळ्या तबकडीवरची काच आरशासारखी वागली असती. बेझलच्या चकचकीत कडांवर बोटांचे ठसे लगेच उमटतात आणि रबरी पट्टा कपड्यांचा बारीक तंतू न् तंतू गोळा करतो, तेव्हा मऊ फडके जवळ ठेवावे लागते. काळ्या रंगामुळे ४२ मिमीचे घड्याळ हातावर लहान वाटते. उन्हात टेबलावर राहिले तर परत बांधताना चटका बसतो. यंत्र दिवसाला सहा-सात सेकंद पुढे जाते, आणि या दर्जाच्या यंत्राकडून माझी त्याहून जास्त अपेक्षा नव्हती.

थराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. डीएलसी म्हणजे हिऱ्याच्या जवळपासचे गुण असलेला कार्बन. तो निर्वात कक्षात स्टीलवर चढवतात आणि त्याची जाडी जेमतेम काही मायक्रॉन असते. वरवरच्या ओरखड्यांना तो खरोखर दाद देत नाही. टेबलाच्या कडेवर रोज घासले जाणारे बकल नऊ महिन्यांनंतरही काळेच आहे, आणि साध्या स्टीलच्या बकलवर एवढ्या काळात जाळे उमटले असते. पण खालचे स्टील मऊच राहते. जोराचा टोला बसला की स्टील दबते आणि वरचे कठीण कवच अंड्याच्या टरफलासारखे तडकते. सहाव्या महिन्यात दाराच्या कडीवर हात आपटला आणि सात वाजण्याच्या बाजूच्या लगच्या, म्हणजे पट्टा अडकतो त्या शिंगाच्या टोकावर मोहरीएवढा चंदेरी ठिपका उघडा पडला. पोटातूनच काळे असलेले सिरॅमिक, जसे शनेल कंपनीने २००० साली ‘जे१२’ या घड्याळात वापरले, असा ठिपका कधीच दाखवत नाही, पण फरशीवर पडले तर ते सरळ फुटू शकते, म्हणून त्या बाजूला झुकण्याआधीही विचार करावा.

घड्याळजींनी भिंग लावून ठिपका पाहिला आणि त्याला ठिगळ लागत नाही, असे स्पष्ट सांगितले. पॉलिश केले तर भोवतालचा काळा थरही जाईल. सगळा थर उतरवून केस पुन्हा कक्षात पाठवली तर या अष्टकोनाच्या धारदार कडा बोथट होण्याची भीती आहे, आणि त्या कडांसाठीच तर हे घड्याळ घेतले होते. मी ठिपका तसाच ठेवला. पहाटे अंधारात घड्याळ उचलतो तेव्हा ल्यूम केव्हाच विझलेला असतो, आणि खालची बाजू कोणती हे मला त्या ठिपक्यावरूनच कळते.