बँकेचं अ‍ॅप आणि न बोलणारा कीपॅड: टॉकबॅकवर वर्षभर वापरल्यानंतर

या अ‍ॅपला मी मे महिन्यात एक तारा दिला होता आणि त्याखाली रागाच्या भरात चार ओळी लिहिल्या होत्या. त्या काढून आता सविस्तर लिहिते आहे, कारण मधल्या काळात बरंच घडलं आणि माझं मतही तेव्हाचं राहिलेलं नाही. बँकेचं नाव लिहीत नाही. असाच त्रास दुसऱ्या अ‍ॅपमध्येही होतो, असं ओळखीची अंध मंडळी सांगतात. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. शिल्लक, एनईएफटी, मुदत ठेव, चेकबुकची मागणी या सोयी तुम्हाला ठाऊक आहेतच, त्यावर शब्द खर्च करत नाही.

मी पूर्ण अंध आहे. गोव्यात फोंड्याजवळ माझा सोलं, तिरफळं, काजू आणि घरगुती मसाल्यांचा धंदा आहे, माल बहुतेक सत्तरी तालुक्यातून येतो. फोनवर टॉकबॅक वापरते, दुकानातल्या लॅपटॉपवर एनव्हीडीए; दोन्ही पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात. अ‍ॅप घेण्यामागचा हिशेब सरळ होता. शाखेत जायचं म्हणजे पायलटचं, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलचं, जाण्यायेण्याचं भाडं, आणि तेवढा वेळ दुकान बंद. काजूवाल्याची रक्कम सीझनमध्ये यूपीआयच्या दिवसाच्या 1 लाखाच्या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपशिवाय गत्यंतर नाही.

सुरुवातीचे महिने मी खूश होते आणि ते इथे नोंदवायलाच हवं. व्यवहारांची यादी ज्याने बनवली त्याला मनापासून धन्यवाद. एकदा उजवीकडे स्वाइप केलं की तारीख, कुणाचे, किती, जमा की खर्च, हे सगळं एका दमात ऐकू येतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तारीख वेगळी, रक्कम वेगळी, आणि मध्ये कुठल्यातरी चित्राचं फाइलनेम वाचलं जातं. इथे मी सकाळी भाजी चिरता चिरता कालचा जमाखर्च ऐकत असे. पीडीएफ स्टेटमेंटसुद्धा एनव्हीडीएवर रांग-रकाना धरून नीट वाचलं जायचं, ती स्कॅन केलेल्या कागदाची फोटोप्रत नव्हती. धंदा करणाऱ्या अंध माणसाला आपला हिशेब दुसऱ्या कुणाच्या तोंडून न ऐकता स्वतः ऐकता येणं केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याला रोज दुसऱ्याला विचारावं लागलंय त्यालाच कळेल.

मग मेच्या अखेरीस अपडेट आलं. रंग बदलले म्हणे, आयकॉन गोल झाले म्हणे. मला त्यातलं काही कळलं नाही, पण पैसे पाठवताना पिन टाकायच्या पडद्यावर आले आणि हात थांबला. आधी फोनचा नेहमीचा कीबोर्ड यायचा. आता बँकेने स्वतःचा कीपॅड आणला होता. त्यावर बोट ठेवलं की टॉकबॅक म्हणे, "बटन". शेजारच्या जागेवर, "बटन". खाली, "बटन". दहाच्या दहा अंकांना नाव नाही, पुसायच्या खुणेला नाव नाही, पुढे जायच्या खुणेलाही नाही. मी जागा पाठ करून पाहिल्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक, शेजारी दोन, असं धरून पिन टाकला, चुकला. भाच्याने बघून सांगितलं, "मावशी, आकडे दर वेळी जागा बदलतायत." म्हणजे नजरेने बघितल्याशिवाय तो कीपॅड वापरताच येऊ नये अशीच त्याची रचना. रोज रात्री कुणीतरी येऊन माझ्या मसाल्याच्या डब्यांची अदलाबदल करावी आणि डब्यांवरची चिठ्ठीही काढून न्यावी, तसं झालं. तीनदा पिन चुकला की व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. आणि इकडे सोलांचा सीझन संपत आलेला, पाऊस दाराशी, माल देणारी माणसं त्याच दिवशी पैसे मागणार.

बोटांचा ठसा का वापरत नाही, असं कुणी विचारेल. लॉग-इनला वापरते. पण पैसे पाठवताना हे अ‍ॅप पिनच मागतं. शिवाय काजूचं काम करणाऱ्या बायकांना विचारा: बियांच्या चिकाने बोटांची सालं निघतात, मार्च ते मे माझा ठसा फोन धड ओळखत नाही.

ग्राहक सेवेशी झालेला संवाद जवळजवळ जसाच्या तसा देते, कारण दुसऱ्या कुणाला उद्या हेच ऐकावं लागेल. पहिली मागणी, "मॅडम, स्क्रीनशॉट पाठवा." या अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉट घेताच येत नाही, सुरक्षेसाठी बंद ठेवलाय, आणि हे त्यांच्याच माणसाला ठाऊक नव्हतं. मग सल्ला आला, "घरातल्या कुणाकडून तरी पिन टाकून घ्या ना." याच बँकेचा एसएमएस मला दर आठवड्याला येतो, की पिन कुणालाही सांगू नका, अगदी बँकेच्या कर्मचाऱ्यालाही. मी त्यांना तो एसएमएस फोनवर वाचून दाखवला. भाचा गुणी आहे, पण माझ्या खात्याचा पिन माझा आहे. उद्या काही झालं तर बँकच म्हणेल, तुम्ही पिन सांगितलात, जबाबदारी तुमची.

शाखेत गेले तर तिथे उत्तर अजून वेगळं. "आकडे मोठ्याने बोलले तर शेजारचा ऐकेल, म्हणून सिक्युरिटीने बंद केलंय." हा मुद्दा मला कितीही वेळा खोडावा लागला तरी मी खोडणार आहे. मी इयरफोन लावते. पासवर्डची अक्षरं मोठ्याने बोलायची की नाहीत, याची सेटिंग टॉकबॅकमध्येच आहे. पडदा काळा करून ठेवायचीही सोय आहे, म्हणजे माझा पिन बाजूचा माणूस बघूच शकत नाही. बसमध्ये उघड्या पडद्यावर पिन टाकणाऱ्या डोळस ग्राहकापेक्षा मी जास्त सुरक्षित आहे. आणि एटीएमचं काय? 1 जुलै 2014 पासून बसवायचं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेल कीपॅडचं हवं, असं रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी सांगितलं होतं. तिथे हेडफोन लावून आवाज ऐकणं चालतं, मग स्वतःच्या फोनवर का चालू नये? त्याही आधी, जून 2008 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलंय की चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर यांपैकी कुठलीही सोय दृष्टिहीन ग्राहकाला नाकारता येणार नाही. शाखेतल्या साहेबांना ते परिपत्रक माहीत नव्हतं. माझ्या फोनवर होतं, त्यांनी बसून वाचलं, तेवढं श्रेय त्यांना देते.

या अनुभवातून सर्वांत उपयोगी गोष्ट हाती लागली ती तक्रार कशी लिहायची ही. "अ‍ॅप अंधांना वापरता येत नाही" एवढंच लिहिलं की पुढून छापील माफी येते. पणजीत 2023 च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, त्यानंतर आमच्यातली बरीच मंडळी फोनवर एकमेकांच्या संपर्कात राहिली. त्यातल्या संगणक शिकलेल्या एका मुलाने मला शिकवलं. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि टॉकबॅकची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती, कुठल्या पडद्यावर, काय केलं, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं. स्क्रीनशॉट बंद असल्यामुळे भाच्याने दुसऱ्या फोनवर माझं बोट आणि टॉकबॅकचा आवाज, दोन्ही येतील असा व्हिडिओ काढला. वर नेमका निकष लिहिला: डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट आणि अ‍ॅप दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, त्यातलं कलम 4.1.2, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नियंत्रणाला नाव, प्रकार आणि स्थिती ही यंत्राला वाचता येतील अशी हवीत. अँड्रॉइडमध्ये चित्राच्या बटनाला हे नाव द्यायला 'कंटेंट डिस्क्रिप्शन' म्हणून एक ओळ लागते. दहा अंक, दहा ओळी. त्यासाठी माझा अख्खा सीझन अडला होता.

खाली सर्वोच्च न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा निकाल जोडला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन वकील यांच्या याचिका होत्या. डिजिटल केवायसीमध्ये, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात, ते ज्यांना करता येत नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न होता. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 20 निर्देश दिले. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा: वेळोवेळी सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सेवा वापरता येते का याची, तपासणी करा, आणि नवं अ‍ॅप किंवा नवी सोय आणताना चाचणीत दृष्टिहीन माणसांना सामील करा. त्या कीपॅडवर एका अंध माणसाचं बोट पाच मिनिटं फिरलं असतं तर हे अपडेट बाहेरच पडलं नसतं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी कंपन्यांनाही लागू आहे, हेही मी लिहिलं, कारण फोनवरच्या एका बाईंनी मला "ते सरकारी साइटला असतं" असं ऐकवलं होतं.

नंतरची भर. आधीचा सगळा मजकूर जुलैपर्यंतचा आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी मला मुंबईहून फोन आला. अ‍ॅप बनवणाऱ्या टीममधला इंजिनिअर होता. त्याने माफी मागण्यात वेळ घालवला नाही. टॉकबॅक चालू करून बसला होता आणि मला विचारत होता, "ताई, आता बोट डावीकडून उजवीकडे न्या, तुम्हाला काय ऐकू येतं?" अर्धा-पाऊण तास आम्ही दोघं तो कीपॅड चाचपत होतो. बोट उचलल्यावर अंक टाइप व्हावा की दोनदा टॅप केल्यावर, हेही त्याने मलाच विचारलं. पुढच्या आवृत्तीत अंक बोलायला लागले. आकड्यांची अदलाबदल टॉकबॅक चालू असेल तर आपोआप बंद होते. पिनचे किती अंक टाकून झाले तेही ऐकू येतं, हे तर मी मागितलंही नव्हतं. त्या दिवशी मी पहिलं पेमेंट माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानाचं केलं, रक्कम क्षुल्लक होती, पण पिन माझ्या हाताने टाकला. एका ताऱ्याचे चार तारे त्याच दिवशी केले.

आणखी एक भर. चारवरून अर्धा तारा कमी करते आहे, त्याची कारणं अशी.

वेबसाइटवर कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेली एक खिडकी आली आहे. दाबलं की अक्षर मोठं, रंग उलटे, वगैरे. शाखेत मला ती मोठ्या अभिमानाने सांगितली गेली. माझ्या एनव्हीडीएला तिचा काडीचा उपयोग नाही, उलट प्रत्येक पानावर आधी तिच्यातून बाहेर पडावं लागतं. अशी खिडकी वरून चिकटवून साइट सुगम्य होते असा दावा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये अ‍ॅक्सेसिबी कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावले. बँकेने या खिडकीवर जो काही पैसा घातला असेल तो फॉर्मच्या रकान्यांना नावं देण्यावर घातला असता तर माझ्यासारख्या ग्राहकाला लगेच फरक पडला असता.

ओटीपीला दिलेली मुदत फार कमी आहे. मला मेसेज उघडून, ऐकून, परत यायचं असतं. दुकानात मदतीला येणाऱ्या मावशींना राखाडीवर राखाडी अक्षरं दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान 4.5 ला 1 हवा हे त्याच डब्ल्यूसीएजीत आहे.

पण खरी अडचण मुदत ठेवीचं कॅलेंडर. तारीख निवडायला गेलं की टॉकबॅक नुसते आकडे वाचतं, "12", "13", "14". महिना कुठला, वर्ष कुठलं, काही नाही. पुढच्या महिन्यावर न्यायच्या बाणाला पुन्हा तेच, "बटन". तारीख टाइप करायचा साधा रकाना दिला तरी प्रश्न मिटतो. इंजिनिअरला व्हिडिओ पाठवलाय, "नोंद घेतली आहे" एवढं उत्तर आलंय.

तुमच्यापैकी कुणी अशाच अडचणीत असाल तर एवढं करा: तक्रार लेखी द्या, क्रमांक घ्या, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, त्याला पैसे लागत नाहीत. गोव्यातल्यांना पणजीच्या राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडेही दाद मागता येते. आणि सध्याचं अपडेट चालत असेल तर प्ले स्टोअरमध्ये या अ‍ॅपचं आपोआप अपडेट बंद ठेवा. नवी आवृत्ती आली की आधी कुणीतरी टॉकबॅकवर तपासू दे.

माझी मुदत ठेव जानेवारीत संपते. तोपर्यंत कॅलेंडर बोलायला लागलं तर पैसे इथेच पुन्हा गुंतवीन, नाहीतर जिथे तारीख टाइप करता येते त्या बँकेत नेईन. व्याजातला फरक पाव टक्क्याहून कमी आहे, तेवढा सोसायची माझी तयारी आहे. सध्या साडेतीन तारे.