रिगिफायचा तयार कान: वाघाला चालतो, सशाला नाही

विदर्भात कार्टूनचं पात्र म्हटलं की पहिला मान वाघाचा. ताडोबा आणि पेंच काही तासांच्या अंतरावर, गोरेवाडा तर नागपूर शहराला लागूनच. त्यामुळे जाहिरात असो की शाळेचं ॲप, नागपुरातल्या ॲनिमेटरला वाघाचं पिल्लू करावंच लागतं. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरसोबत फुकट येणारं, पात्राचा आतला सांगाडा (रिग) बनवून देणारं रिगिफाय कानांसाठी कितपत कामाचं, एवढंच इथे बघू. पाचपैकी साडेतीन, आणि अर्धा गुण केवळ फुकट आहे म्हणून.

प्राण्यांच्या बऱ्याच तयार मेटारिगमध्ये (रिग बनण्याआधीच्या कच्च्या सांगाड्यात) चेहऱ्याच्या भागातच कान येतात. त्यांचे बोन, म्हणजे सांगाड्याची हाडं, कानाच्या कडेने लावलेले असतात. वाघ, अस्वल यांच्या लहान, गोल कानाला ते छान बसतात. कान मागे पाडा, टवकारा, जरा दाबा, सगळं होतं. पण सशाचा किंवा गायीचा लांब कान आला की पंचाईत होते. या साखळीत आपल्या मर्जीने बोन वाढवता येत नाहीत, आणि काढून टाकले तर जनरेट करताना (मेटारिगपासून पूर्ण रिग बनवताना) एरर येते.

लांब कानासाठी उपाय रिगिफायमध्येच आहे, फक्त तो कानाच्या नावाने सापडत नाही: लिंब्स गटातला सिंपल टेंटॅकल. चार-पाच बोनची साखळी काढा, पहिला बोन डोक्याच्या बोनला कीप ऑफसेटने (जागा न हलवता) जोडा आणि साखळीचं मूळ कातडीवर न ठेवता थोडं कवटीच्या आत घ्या. मूळ कातडीवरच राहिलं तर कान फिरवताना डोक्यातून उपटल्यासारखा दिसतो. या प्रकारात फिरणं पुढच्या बोनकडे देणारी एक्स, वाय, झेड अशी बटणं आहेत; एक्स आधीच चालू असतं. चार बोनच्या साखळीत मुळाचा कंट्रोल (ॲनिमेटरने हाताळायचा बोन) २० अंश फिरवला की टोक ८० अंशांवर जातं. एका कंट्रोलमध्ये अख्खा कान दुमडतो, ही रिगिफायची सगळ्यात मोठी कमाई. मात्र बोनचा रोल (स्वतःच्या लांबीभोवतीचा कल) चुकला की कान पुढे दुमडायच्या ऐवजी बाजूला पिळतो. म्हणून डावा कान आधी पूर्ण करा, शिफ्ट-एनने रोल नीट लावा आणि मगच सिमेट्राइज करून उजवा घ्या. तयार चेहऱ्याचे कानाचे बोन तसेच राहू द्या, पण मेशमधले, म्हणजे पात्राच्या बाहेरच्या जाळीतले, त्यांचे व्हर्टेक्स ग्रुप (जाळीचा कोणता बिंदू कोणत्या बोनसोबत हलणार याच्या नोंदी) काढून टाका. नाहीतर कान दोन मालकांचं ऐकतो.

मेश खराब असेल तर मात्र रिगिफायलाही इलाज नाही. मुळाशी आठ व्हर्टेक्सचं वर्तुळ पुरे. लांबीत सहा-सात लूप (कानाभोवती फिरणाऱ्या रेषा) ठेवा, त्यातले तीन जिथे कान दुमडणार तिथे जवळजवळ. कानाला पुढची आणि मागची अशा दोन भिंती असतात. ऑटोमॅटिक वेट दोन्हींना थोडं वेगळं वजन (बोनसोबत किती हलायचं ते प्रमाण) देतं, आणि दुमडताना आतली गुलाबी भिंत मागच्या बाजूने बाहेर डोकावते. कान वेगळं ऑब्जेक्ट ठेवून जोड केसांच्या झुपक्याखाली लपवता येत असेल, तर एकपदरी कान करा आणि मॉडिफायर (मेशवर आपोआप होणारे बदल) या क्रमाने लावा: मिरर, आर्मेचर (बोनप्रमाणे हलवणारा), सॉलिडिफाय (जाडी देणारा), सबडिव्हिजन (गुळगुळीत करणारा). जाडी दुमडल्यानंतर तयार होत असल्यामुळे भिंती एकमेकींत घुसत नाहीत. कान डोक्याला सलग हवा असेल तर मागच्या भिंतीचं वजन डेटा ट्रान्सफरने पुढच्या भिंतीला द्यायचं.

वाघाच्या कानामागे काळ्या रंगात पांढरा ठिपका असतो. चित्र काढणारे पुष्कळ लोक तो विसरतात, गोरेवाड्यात मात्र वाघाने पाठ फिरवली की आधी तोच दिसतो. कान पाडल्यावर त्या जागचे लूप असमान असतील तर ठिपका ताणून अंड्यासारखा होतो. तिथले चौकोन शक्य तितके सारख्या आकाराचे ठेवा.

ऑटोमॅटिक वेट देताना ‘बोन हीट वेटिंग फेल्ड’ हा निरोप आला की रिगिफायला शिव्या घालण्याआधी मेश तपासा. मिररच्या मध्यरेषेवरचे दुहेरी व्हर्टेक्स मर्ज बाय डिस्टन्सने जोडा, नॉर्मल (मेशच्या पृष्ठांची तोंडं) बाहेरच्या दिशेला करा, कंट्रोल-ए दाबून स्केल लावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं.

ॲनिमेशन करताना मात्र हाताने मेहनत आहेच. डोकं थांबलं तरी कान थांबत नाही; २४ फ्रेमच्या वेगात प्रत्येक पुढच्या बोनच्या की (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेल्या स्थिती) दोन-तीन फ्रेम उशिरा येतील अशा सरकवाव्या लागतात. त्यासाठी फिरणं पुढे देणारी बटणं जनरेट करण्याआधी बंद ठेवली तर बरं, कारण मग प्रत्येक बोनची की स्वतंत्र राहते. दोन्ही सोयी एकाच रिगमध्ये सहज सांभाळता येत नाहीत, म्हणून एक गुण कापला.

उरलेला अर्धा गुण गेमवाल्यांमुळे गेला. रिगमधले बेंडी बोन (तुकड्यातुकड्यांत, म्हणजे सेगमेंटमध्ये, वाकणारे बोन) ब्लेंडरमध्ये कानाला सुरेख बाक देतात, पण गेमकडे पाठवायच्या एफबीएक्स किंवा जीएलटीएफ फाइलमध्ये तो बाक जात नाही. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कान कोनात मोडलेला दिसतो. गेमसाठी काम असेल तर साखळीत दोन साधे बोन जास्तीचे घाला आणि बेंडी बोनचे सेगमेंट एकवर ठेवा.